फाट्यावरचा हात

पंजा झाकायला त्यांनी बोट आणलं होतं.

तालुक्याच्या आचारसंहिता पथकाचे बोधे साहेब जीपमधून उतरले. मागून खळीचा डबा घेतलेला शिपाई उतरला. दोघंही आमच्या चौकीच्या पाटीकडे माना वर करून बघत राहिले. लोकसभेची निवडणूक लागली होती. पाटी साधीच होती. निळ्या पत्र्यावर पिवळा पाच टोकांचा तारा, ताऱ्यात उघडा तळहात, त्याखाली ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’, आणि सगळ्यात खाली ‘पोलीस दूरक्षेत्र, आंबोडी फाटा’.

"हा हात कशाला काढलाय?"

"काढलेला नाही साहेब, खात्याचं चिन्हच आहे ते."

"पंजा आहे."

"पंजा नाही साहेब, हात आहे."

"निवडणूक लागली की हाताचा पंजा होतो, पोलीस. चढ रे वर."

शिपाई माझ्याच स्टुलावर चढला. मला राहवलं नाही. म्हटलं, "मग साहेब, हा टोपीवरचा? ह्यातही हात आहे."

मी टोमणा मारला होता, साहेबांनी तो प्रश्न म्हणून घेतला. माझ्या कपाळाकडे त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"टोपी ही हलती वस्तू आहे," ते म्हणाले. "हलत्या वस्तूंबद्दल मार्गदर्शन मागवून घेतो. सध्या स्थिर झाकू."

खळ लागली आणि मतदार जागृतीचं पोस्टर नेमकं ताऱ्यावर बसलं. पोस्टरवर शाई लावलेलं एक भलंमोठं बोट होतं. जीप धूळ उडवत गावाकडे गेली. स्टूल आत ठेवायचं काम माझ्याकडे राहिलं.

दूरक्षेत्र म्हणजे ठाण्यापासून लांबची चौकी. ती माणसांपासूनही लांब असावी असा काही नियम नाही, पण आमची होती. समोर डांबरी रस्ता, पलीकडे एक चिंच, अलीकडे इस्माईलभाईची चहाची टपरी. गाव आत, टेकाडामागे. माझ्याबरोबरचे हवालदार निवडणुकीच्या बंदोबस्ताला गेलेले. बायको मुलांच्या शाळेपायी आमच्या गावी. एसटी थांबायची, दोन माणसं उतरायची आणि माझ्याकडे न बघता आंबोडीची वाट धरायची. पोलिसाकडे कोण हौसेनं बघतं? ठाण्यातून फोन आला तर तिकडून आवाज यायचा, "अकराशे बारा का?" पट्ट्याच्या बकलावरचा नंबर तो. आमच्यात माणसाला बक्कल नंबरानंच हाक मारतात. आठ-आठ दिवस माझं नाव माझ्या कानावर पडत नसे.

एकच सुख होतं. चैत्र लागला होता आणि टेकाडावरच्या राममंदिरात रामनवमीपर्यंत रोज कीर्तन होतं.

मला कीर्तनाचं वेड वडिलांनी लावलं. ते झांज वाजवत. त्यांच्या मांडीवर झोपून मी कितीतरी आख्यानं अर्धी-अर्धी ऐकलीत. पण खात्यात आलो आणि एक गंमत झाली. कीर्तनाच्या बंदोबस्ताला मी आवडीनं नाव द्यायचो, साहेबही मला आवडीनं पाठवायचे. आणि बंदोबस्तावरच्या पोलिसानं तोंड गर्दीकडे करायचं असतं. म्हणजे पाठ कीर्तनकाराकडे. इतक्या वर्षांत नावाजलेल्या बुवांची कीर्तनं मी पाठीनं ऐकली. पायात बूट, म्हणून सतरंजीच्या बाहेर. मध्यंतरात सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागायचा. लावणारा माझ्यापर्यंत यायचा, टोपी बघायचा आणि पुढे सरकायचा. त्याचीही चूक नव्हती. बोट लावायला कपाळ मोकळं तर पाहिजे.

त्या वर्षी त्र्यंबकबुवा मुळे आले होते. सत्तरीकडे झुकलेले, किरकोळ देहाचे, पण आवाज असा की स्पीकर लाजावा. बोधे साहेब गेले त्याच दुपारी बुवा चहाला टपरीवर उतरले. इस्माईलभाईनं फडक्यानं बाकडं पुसलं.

"ऐकलंत का इस्माईलभाई," बुवा म्हणाले, "ते तालुक्याचे साहेब वर येऊन गेले. आमच्या रामाच्या खांद्यावरच्या धनुष्यबाणाकडे अशा नजरेनं बघत होते, की मला वाटलं आता रामाला पण पोतं घालतात."

"मंग?"

"म्हणाले, मूर्तीला सूट आहे. मांडवाच्या पडद्यावरचं तेवढं झाका. झाकलं. मी विचारलं, लक्ष्मीच्या हातात कमळ आहे, त्याचं काय? तर म्हणे, खरंच की!"

"आन ष्टँडावरचं घड्याळ बी झाकलंय तालुक्याला," इस्माईलभाई म्हणाला. "ते तसंबी बंदच व्हतं. आता लोक पोतं बघून टायम इचारत्यात."

हसता हसता बुवांची नजर पाटीवर गेली.

"काय हो पोलीस, त्या बोटाखाली काय आहे?"

"हात आहे बुवा."

"कुणाचा?"

"खात्याचा."

बुवांना इतकं हसू आलं की चहा बशीत सांडला. मग डोळे बारीक करून त्यांनी खालची ओळ मला वाचायला लावली. मी वाचली. त्यांनी ती दोनदा पुटपुटून पाहिली, एखादी चीज गळ्यातून काढून बघावी तशी.

"दोन्ही शब्द चतुर्थीत आहेत. सज्जनांच्या रक्षणासाठी, दुर्जनांच्या निग्रहासाठी. साठी आणि साठी. पण क्रियापद कुठाय? आणि कर्ता? कोण करणार हे सगळं?"

"पोलीस करणार की बुवा."

"तसं लिहिलेलं नाही. कर्त्याची जागा मोकळी सोडलीय." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमचं नाव काय?"

"अकराशे बारा," माझ्या तोंडातून निघून गेलं. जीभ चावून म्हटलं, "निवृत्ती. निवृत्ती शेलार."

"वा! नोकरी संपायच्या आधीच निवृत्ती!" आणि मग एकदम हळू आवाजात, "घरचे कुठे असतात रे?"

कुणीतरी ‘रे’ म्हणालं. मी सांगितलं सगळं. कीर्तन पाठीनं ऐकतो तेही सांगितलं. बुवा म्हणाले, "रामजन्माच्या कीर्तनाला ये. बूट काढून, टोपी काढून, पहिल्या ओळीत. तोंड माझ्याकडे. एकदा तरी पुढून ऐक बाबा."

मी कबूल केलं. त्या दिवशी मंदिरावर होमगार्ड येणार होता. चौकीला कुलूप घालून घटकाभर वर गेलो तर काय बिघडणार होतं? माझ्याकडे येतं कोण?

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा मांडवाच्या पुढच्या बांबूला उभा होतो. पाठीमागे बुवांनी निरूपणाला हात घातला, आणि मला कळलं की दुपारचा चहा त्यांनी पोटात नाही, डोक्यात ठेवला होता.

"देवाला हात चार," बुवा म्हणाले. "एकात शंख, एकात चक्र, एकात गदा. मंडळी, चौथ्या हाताकडे बघा. कुठे त्यात कमळ असतं, पण कुठे कुठे काहीच नसतं. रिकामा असतो. आणि तो रिकामा हातच आपल्याकडे वळलेला असतो. भिऊ नको म्हणतो. रिकामा आहे म्हणूनच तर तो धरता येतो!"

चिपळ्या वाजल्या.

"तसा एक हात तुमच्या फाट्यावर आहे. असा तारा, आणि ताऱ्यात असा हात. हा बघा, आमच्या पोलिसाच्या टोपीवर बसलाय! खात्यानं त्याचा काय अर्थ धरलाय मला ठाऊक नाही, मी माझा लावतो. शंख-चक्र लागेल तेव्हा लागेल. अडलात, नडलात, तर फाट्यावर जा. तिथे हात आहे!"

बुवांनी हवेत तारा काढून दाखवला आणि तळहात पुढे धरला, असं मला नंतर इस्माईलभाईनं सांगितलं. मला दिसलं ते लोक. सगळे हसले, माझ्याकडे बघून पुन्हा बुवांकडे वळले. मी लाजून सावधान उभा.

वळली नाही ती एकच. मांडवाच्या शेवटी, उजेड संपतो तिथं, खडी केंद्रावरच्या बाया बसल्या होत्या. डोंगराच्या कुशीत दगडाची खाण आणि खडी फोडायचं यंत्र होतं. तिथले मजूर लांबून कुठून तरी आणलेले. त्यांची बोली इथं कुणाला कळत नसे. मुकादम त्यांना प्रसादापुरतं घेऊन आला होता. त्यांतली एक बारकी बाई, दोन्ही नाकपुड्यांत चमकी घातलेली, माझ्याकडे एकटक बघत होती. डोळ्यांत नव्हे, डोळ्यांच्या वर. मला वाटलं कपाळाला काही लागलंय. रुमालानं घाम पुसला. तरी ती बघतच होती. आरतीला सगळे उठले तेव्हा गर्दीत दिसेनाशी झाली.

नवमीच्या आदल्या दिवशी इस्माईलभाई चहा घेऊन आत आला आणि ग्लास ठेवून तिथंच उभा राहिला.

"शेलार, एक ऐकलंय."

"बोला."

"खाणीत काल सुरुंग येडावाकडा उडाला. एक मजूर दगडाखाली घावला. मेला न्हाई, पन दवाखान्यातबी न्हेला न्हाई. ऐन विलेक्शनात बोभाटा नको म्हनून दाबून ठिवलाय. म्हंजी मानूसच दाबून ठिवलाय."

"कोण म्हणालं?"

"माझं नाव घालू नगा. त्यांचे ट्रक हितं चहाला थांबत्यात."

मोटारसायकल काढली. वाऱ्यानं उडते म्हणून टोपी डिकीत टाकली आणि खडी केंद्रावर गेलो. फाटकाशी दोन वॉचमन उभे. अंगात खाकी, डोक्याला टोपी, टोपीवर शिंप्याच्या दुकानात मिळतो तसला पितळी गरुड. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आमच्याच खात्यातले. फाटक उघडलं गेलं, मॅनेजर धावत आला, खुर्ची आली, थंड बाटली आली. मी नको म्हणायच्या आत तिचं झाकण उडालं होतं.

"अपघात? कुठला अपघात साहेब? मोजून घ्या माणसं."

मजूर ओळीनं उभे केले गेले. मी एकेकाला विचारलं. माझं त्यांना कळेना, त्यांचं मुकादम सांगेना. प्रत्येक प्रश्नाला मुकादमच उत्तर द्यायचा, "काय नाय म्हनतोय." बायांनी पदर पुढे ओढून माना खाली घातल्या होत्या. हातात बाटली धरून मी खाकीवाल्यांच्या मधोमध उभा होतो. मागच्या पत्र्याच्या खोल्यांना कुलपं होती. उघडा म्हटलं, तर मॅनेजर हसून म्हणाला, "दारूगोळा आहे साहेब, चावी मालकांकडं. वॉरंट आणा, दाखवतो."

चौकीवर येऊन फौजदार साहेबांना फोन लावला.

"तक्रारदार आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, कानावर आलंय."

"कुणाच्या?"

इस्माईलभाईचं नाव मला घालायचं नव्हतं.

"हे बघ अकराशे बारा, ऐन निवडणुकीत ऐकीव गोष्टीवर मी कुणाचं कुलूप तोडणार नाही. एक माणूस आण. एक. तो म्हणू दे की आत जखमी आहे. मी गाडी घेऊन स्वतः येतो."

एक माणूस. माझ्या चौकीत वर्षभरात आपणहून आलेला माणूस आठवायचा म्हटलं, तर रस्ता विचारायला आलेले तेवढे आठवत होते. संध्याकाळी कीर्तनाला उभा राहिलो, पण बुवा काय बोलले ते सांगता येणार नाही. मी अंधारात त्या बाया शोधत होतो. त्या आल्या नव्हत्या.

नवमी उजाडली. आंघोळ केली, इस्त्रीचे कपडे घातले. सकाळपासून फाट्यावरून माणसं टेकाडाकडे चाललेली, नटलेली, लेकरं कडेवर. इस्माईलभाईनं टपरीवर फळी टाकली. "चला की शेलार," तो म्हणाला, "मलाबी बुवांनी बोलावलंय, मी मागं बसतो." "तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. तो गेला आणि फाटा निर्मनुष्य झाला. ऊन असं, की रस्ता पाण्यासारखा हलत होता. स्पीकरवरून बुवांचा आवाज उतारावरून खाली येत होता. अयोध्येचं वर्णन चाललं होतं. जन्म माध्यान्हीला. मी कुलूप हातात घेतलं, टोपी टेबलावर ठेवली, कारण आज ती नकोच होती, आणि दाराबाहेर आलो.

चिंचेखाली ती उभी होती.

डोक्यावर रिकामी घागर, पायात काही नाही. वॉचमन सुंठवड्याला वर गेले असणार आणि पाण्याच्या निमित्तानं ही निसटली असणार, हे मी नंतर जुळवलं. तेव्हा एवढंच दिसलं की ती पाटीकडे बघतेय. पाटीवर बोट होतं. तिनं पाटी बघितली, टपरी बघितली, पुन्हा पाटी बघितली. मग मला बघितलं आणि एक पाऊल मागे गेली.

"काय पाहिजे, बाई?"

ती अजून मागे सरली.

"थांबा, मी येतो!" म्हणून मी हात वर केला, आणि त्याच वेळी वळणावरून आलेला केळ्यांचा टेम्पो करकचून ब्रेक दाबून आमच्या दोघांच्या मध्ये थांबला.

"कागद दाखवू का साहेब?" ड्रायव्हर खिडकीतून ओणवा झाला. "सगळे हायेत."

"तुला नाही थांबवलं रे!"

"मंग हात कुनाला केला?"

टेम्पोच्या पलीकडे घागर आपटल्याचा आवाज झाला. मी वळसा घालून बघतो, तर ती खाणीच्या वाटेला लागलेली, जवळजवळ पळत. मागे वळून तिनं एकदा पाहिलं, आणि तेव्हा मला त्या नाकातल्या चमक्या दिसल्या.

स्पीकरवर बुवा म्हणाले, "कौसल्यामाई कळा सोसतेय, मंडळी. आता वेळ नाही."

मी आत पळालो. टेबलावरची टोपी उचलून डोक्यात घातली आणि पुन्हा रस्त्यावर आलो. हाक मारायला तिचं नाव माहीत नव्हतं. मी नुसता ओरडलो, "ए बाई! बघ इकडं!"

ती थांबली. वळली. मांडवात बघितलं होतं तसंच, माझ्या डोळ्यांच्या वर बघू लागली.

मग मी पाटीखाली स्टूल ओढलं, वर चढलो आणि बोटाला नखं घातली. बोधे साहेबांची खळ चांगली होती. पोस्टर चिरफळ्या होऊन निघालं. आधी ताऱ्याचं एक टोक, मग अंगठा, मग सगळा तळहात.

स्टुलावरून खाली बघतो तर ती रस्ता ओलांडून पाटीखाली आली होती. तिनं वर बोट केलं, मग माझ्या टोपीकडे, आणि म्हणाली, "हातऽ."

शब्द आपलाच होता, शेवटाला किंचित लांबवलेला. तिच्या बोलीत आणि माझ्या बोलीत तेवढाच एक सारखा निघाला. पुढचं तिनं हातांनीच सांगितलं. दोन्ही मुठी उघडून उडवल्या. वरून काहीतरी कोसळलं. स्वतःच्या मांडीवर हात उभा मारला. गळ्यातल्या काळ्या पोतीला बोट लावलं, म्हणजे नवरा. मग हवेत कडी घातली, कुलूप फिरवलं. शेवटी ओंजळ तोंडाशी नेऊन मान हलवली. पाणीसुद्धा देत नाहीत.

तिला बाकावर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि फोन फिरवला.

"साहेब, तक्रारदार आहे."

"कोण?"

"नाव कळत नाही साहेब."

"म्हणतोय काय?"

"बाई आहे. हात म्हणतेय."

"अकराशे बारा, उन्हात बसलायस का?"

"साहेब, नवरा आत कोंडलाय तिचा. मांडी मोडलीय. चालत आलीय अनवाणी. तुम्ही माणूस आण म्हणालात, माणूस आलंय."

"निघतो," साहेब म्हणाले.

फोन ठेवला तोच मोटारसायकल वाजली. पितळी गरुडवाला वॉचमन. ती बाई बाकावरून उठून भिंतीला चिकटली.

"आमची हाय ती साहेब," तो दारातूनच म्हणाला. "येडी हाय. द्या."

"तक्रारदार आहे."

"आवो, तिला बोलता तरी येतं का?"

"येतं."

तो उंबऱ्यावर पाय ठेवायला लागला. मी दारात उभा राहिलो आणि हात पुढे केला, तळवा त्याच्याकडे. दुसरं काही सुचलं नाही. काठी कोपऱ्यात होती. तो माझ्यापेक्षा हातभर उंच होता. त्यानं हाताकडे बघितलं, टोपीकडे बघितलं. बाहेर टेम्पोवाला टेम्पोतून खाली उतरला आणि उगाच टायरला लाथ मारत उभा राहिला.

नेमका तेव्हा वर जन्म झाला. स्पीकरवर घंटा, झांजा, रामनामाचा गजर, सगळं एकदम कोसळलं. वर गुलाल उडाला असेल. वॉचमन पाय मागे घेऊन मोटारसायकलवर बसला आणि आला तसा गेला. माझा हात तसाच पुढे राहिला होता. पाठीमागे ती बाई काय करतेय ते मला दिसत नव्हतं. नेहमीसारखी माझी पाठच होती.

"साहेब," टेम्पोवाला म्हणाला, "ते दाबलेलं मानूस कुठं हलवायच्या आत जायला पायजे. केळी बाजूला सारतो."

पाळणा सुरू झाला होता. मी चौकीला कुलूप लावलं, आम्ही तिघं टेम्पोत पुढे बसलो. बुवा पहिल्या कडव्यावर असतानाच निघालो. फाट्यावरून वळलो तशी गाण्याची लकेर मागे मागे जात विरून गेली.

फाटकाशी फौजदार साहेबांची गाडी आमच्या मागोमाग पोचली. कुलूप तोडलं. खोलीत दारूगोळा नव्हता, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर एक तरणा माणूस होता, तापानं फणफणलेला. बायकोला बघून त्यानं काहीतरी विचारलं. तिनं माझ्या टोपीकडे बोट केलं. केळीच्या पानांवर घालून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून जिल्ह्याला. पाय वाचला नाही. माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर आणायचं काही कारण उरलं नसतं. तिच्या बोलीचा एक वॉर्डबॉय तिथं भेटला, त्याच्याकडून तिचं नाव कळलं. सुकांती. तिनं त्याच्याकरवी मला एकच विचारलं, की तुमच्या गावात हात असा झाकून का ठेवतात? मी सांगायला लागलो. निवडणूक, आचारसंहिता, पंजा. वॉर्डबॉयनं अर्ध्यावर हात जोडले. "हे आमच्या भाषेत नाही होणार साहेब."

ती दोघं पुढे आपल्या मुलुखाला गेली. मालकावर केस झाली. माझ्याकडून पोस्टर फाडल्याचा खुलासा मागवला गेला, तोही मी दिला. त्या पावसाळ्यात बदली झाली. पण सांगायचं ते हे नव्हे.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात मी जिल्ह्याहून फाट्यावर परतलो. एसटीतून एकटाच उतरलो. इस्माईलभाई टपरीतून धावत आला.

"अवो कुठं व्हता? बुवा काल कीर्तन झाल्या झाल्या खाली आले. कुलूप. आज सकाळच्याला गाडीच्या टायमाला परत आले, तवाबी कुलूप. पहिल्या ओळीत तुमच्यापायी एक बसकर मोकळंच ठिवलं व्हतं म्हनं त्यांनी. कुनाला बसू दिलं न्हाई."

"तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं की समदं. टेम्पोवाल्यानं गावभर केलंय. बुवा आईकत व्हते आन डोळं पुसत व्हते. मंग माझ्याकडनं स्टूल मागून घेतलं. म्हातारा मानूस, मी म्हनलं पडाल, पर आईकतोय कोन?" इस्माईलभाईनं आवाज खाली आणला. "आन जाता जाता म्हनले, निवृत्तीला सांगा, कर्ता घावला. ह्यो कर्ता कोन शेलार? आरोपी हाय का कुनी?"

मी एसटी गेली त्या रस्त्याकडे वळून पाहिलं.

"बुवा कुठल्या गाडीनं गेले?"

"दुपारच्या. सांगलीकडं का कुठंशीक. बराच येळ वाट बघितली."

तो चहा टाकायला गेला. मी पाटीखाली आलो. पोस्टरच्या कडा अजून चिकटलेल्या होत्या. निळ्या पत्र्यावर तारा उघडा होता आणि ताऱ्यातल्या तळहाताच्या बरोबर मधोमध, पिवळ्या रंगावर, बोटानं लावलेला बुक्का होता. काळाभोर, ताजा, कडेला थोडा सांडलेला.

मी स्टूल आणलं. वर चढलो. टोपी काढून काखेत धरली. त्या तळहातावर बोट टेकवलं, आणि टोपीच्या कडेचा वळ उठला होता तिथं, कपाळावर लावून घेतलं.

टेकाडावर मांडव सोडत होते. बांबू खाली पडल्याचे आवाज येत होते. शेवटची एसटी आली, थांबली, आणि कुणी न उतरता निघून गेली.